ग्रंथालयाचा निधी: आधी काय, नंतर काय

उद्घाटनाच्या फोटोत स्वयंदेवघेव यंत्र छान दिसते, गच्चीचे वॉटरप्रूफिंग दिसत नाही. सार्वजनिक ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकातल्या बहुतेक चुका इथून सुरू होतात. घेतलेली वस्तू सहसा वाईट नसते, फक्त तिची पाळी आलेली नसते. पुढचा क्रम दहा ते पंचवीस हजार पुस्तके आणि दोन-चार कर्मचारी असलेल्या ग्रंथालयासाठी आहे. त्याहून लहान किंवा मोठ्या ग्रंथालयात आकडे बदलतील, क्रम फारसा बदलणार नाही.

खर्चाआधी दोन आठवड्यांची मोजणी

परीक्षा, सण, सुट्टी यांपैकी काही नसलेले दोन सलग आठवडे निवडा आणि चार गोष्टी मोजा.

पहिली, दर तासाला वाचनकक्षात बसलेल्यांची संख्या. तासाच्या ठोक्याला एक फेरी मारून कागदावर आकडा लिहिला की झाले. दारावरच्या सेन्सरवर विसंबायचे असेल तर तो आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही मोजतो का ते पाहा. मोजत असेल तर आकड्याची निम्मीच माणसे आली आहेत. वार्षिक अहवालात हा दुप्पट आकडा वर्षानुवर्षे बिनदिक्कत छापला जातो.

दुसरी, न मिळालेल्या पुस्तकांच्या चिठ्ठ्या. वाचकाने मागितलेले पुस्तक मिळाले नाही तर कारण लिहायचे: संग्रहात नाही, बाहेर गेले आहे, नोंदीत आहे पण रॅकवर नाही, किंवा बांधणीला गेले आहे. सगळ्या मोजणीत सर्वांत कामाचा कागद हाच. ‘नोंदीत आहे पण सापडत नाही’ हा गठ्ठा मोठा निघाला तर नवी पुस्तके घेण्याआधी पडताळणी आणि मांडणीवर पैसा घालावा लागेल. ‘बाहेर गेले आहे’ हा मोठा असेल तर जादा प्रती हव्यात.

तिसरी, विषयवार देवघेव. एका वर्गातल्या वर्षभराच्या देवघेवीला त्या वर्गातल्या एकूण प्रतींनी भागा. उत्तर ३ आले तर प्रत्येक प्रत सरासरी तीनदा बाहेर गेली, ०.१ आले तर दहा पुस्तकांमागे एक. हे गुणोत्तर समितीच्या बैठकीत कोणाच्याही आवडीनिवडीपेक्षा मोठ्याने बोलते.

चौथी, काउंटरवरचा वेळ. सर्वांत गर्दीच्या तासात एका वाचकाची देवघेव किती सेकंदांत होते आणि रांगेत किती माणसे असतात, हे घड्याळ लावून टिपा. यंत्रांबद्दलचे पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर अवलंबून आहेत.

किमतीऐवजी पाच वर्षांचा खर्च

प्रत्येक प्रस्तावासाठी एक ओळ लिहा: खरेदी, बसवणूक, दरवर्षीची देखभाल गुणिले पाच, लागणारे उपभोग्य साहित्य आणि कर्मचाऱ्यांचे तास. फुकट मिळालेल्या वस्तूंनाही हाच नियम लावा. देणगीत आलेले दहा जुने संगणक वीज, जागा, दुरुस्ती आणि वैताग घेऊन येतात. मुक्त सॉफ्टवेअरला परवाना शुल्क नसते, पण ते बसवणारा, अद्ययावत ठेवणारा आणि अडल्यावर फोन उचलणारा माणूस फुकट नसतो.

खर्चाचे दोन रकाने स्वतंत्र ठेवा: एकदाच होणारा आणि दरवर्षी होणारा. एकरकमी अनुदानातून दरवर्षीचा खर्च ओढवून घेतला तर दुसऱ्या वर्षी पुस्तकखरेदीला कात्री लागते. पाच वर्षांच्या डेटाबेस वर्गणीपेक्षा त्याच रकमेचे रॅक आणि दिवे बरे, कारण त्यांचे बिल पुन्हा येत नाही.

क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी ग्रंथालय उघडे असण्याचे तास, म्हणजे त्या तासांचे मनुष्यबळ. कामावरून लोक सुटतात तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असेल तर आतली कुठलीही सोय कोणाच्या उपयोगाची नाही. त्यानंतर ओल, वीज आणि आग यांपासून संरक्षण. मग मांडणी आणि प्रकाश, मग तालिका (संग्रहातल्या पुस्तकांच्या नोंदी), मग पुस्तके आणि इंटरनेट. स्वयंचलित यंत्रे शेवटी. पुस्तके पाचव्या जागी पाहून भुवया उंचावतील, पण ही पाळी एकरकमी निधीसाठी आहे. दरवर्षीच्या निधीत पुस्तकांचा वाटा कायम राखलेलाच असला पाहिजे.

पाणी आणि वजन

पावसाळ्याआधी गच्ची, पन्हाळी, खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीतून जाणारे नळ तपासा. रॅकच्या वरून पाण्याची किंवा सांडपाण्याची पाइपलाइन जात असेल तर रॅक हलवा. पाइप कधीतरी गळणारच आणि तो बहुधा सुट्टीच्या दिवशी गळेल. सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर वर असावा. रॅक बाहेरच्या भिंतीला चिकटवू नये, ५ ते १० सेंटिमीटर फट ठेवली तर हवा खेळते आणि ओल आली तर डोळ्यांना दिसते.

खोलीतली सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत ठेवण्याचा प्रयत्न करा. ६५ टक्क्यांवर ती बराच काळ राहिली की बुरशी धरते. दोन-तीन स्वस्त आर्द्रतामापक वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून महिनाभर आकडे लिहिल्याशिवाय वातानुकूलनाचा निर्णय घेऊ नका. दिवसा एसी आणि रात्री बंद, असा खेळ केला तर तापमानापेक्षा आर्द्रता जास्त हेलकावते आणि पुस्तकांना ते सोसत नाही. पुष्कळदा एक्झॉस्ट पंखा आणि दोन डिह्युमिडिफायर एवढ्यावर भागते.

पुस्तके भिजलीच तर ४८ तासांच्या आत ती वाळवायला हवीत, त्यानंतर बुरशी उगवते. थोडी ओली असतील तर उभी करून, पाने पंख्यासारखी उघडून, पंख्याच्या वाऱ्यात ठेवा. उन्हात ठेवू नका, पाने वाकतात. संख्या हाताबाहेरची असेल तर प्लास्टिक पिशव्यांत भरून शीतगृहात गोठवा. तेवढ्याने नुकसान थांबते आणि सवडीने वाळवता येते. कसर लागलेल्या थोड्या पुस्तकांनाही हाच उपाय चालतो: हवाबंद पिशवीत, उणे २० अंशांवर किमान एक आठवडा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही, ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस थांबायचे, नाहीतर दव धरून पुस्तक ओले होते.

वजनाचा हिशेब मात्र सरळ इंजिनिअरकडे न्यायचा. घर किंवा कार्यालय म्हणून बांधलेला मजला साधारणपणे दर चौरस मीटरला २०० ते २५० किलो भार धरून आखलेला असतो. ग्रंथांच्या दालनासाठी अमेरिकी मानक दर चौरस फुटाला १५० पौंड, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ७३० किलो धरते. तेही रॅकची उंची ९० इंचांपर्यंत, एका बाजूच्या कप्प्याची खोली १२ इंचांपर्यंत आणि दोन ओळींत किमान ३६ इंच वाट, या अटींवर. जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर ग्रंथालय हलवायचे असेल तर संरचना अभियंत्याचा लेखी अभिप्राय घ्या. दाटीने लावलेले सरकते रॅक घेणार असाल तर तळमजल्यासाठीही हा अभिप्राय घ्या, कारण त्यात वाटा नसतात आणि भार जवळजवळ दुप्पट होतो.

रॅक किती लागतील

पुस्तकाची सरासरी जाडी २.५ सेंटिमीटर धरा. ९० सेंटिमीटरच्या कप्प्यात ठासून ३६ पुस्तके बसतात, पण कप्पा दोन-तृतीयांशच भरायचा, म्हणजे २४. ठासून भरलेल्या कप्प्यातून पुस्तक काढताना वाचक पुठ्ठ्याच्या माथ्याला बोट घालून ओढतो आणि कणा फाटतो. शिवाय नवे पुस्तक घालायचे तर दहा कप्पे सरकवावे लागतात.

दहा हजार पुस्तकांचा हिशेब: १०,००० भागिले २४, म्हणजे सुमारे ४१७ कप्पे. दोन्ही बाजूंनी सहा-सहा कप्पे असलेला एक रॅक १२ कप्प्यांचा, म्हणून ३५ रॅक. एका वेळी दोन हजार पुस्तके वाचकांकडे असतील तर ती वजा करायचा मोह आवरा, परीक्षेनंतर ती सगळी एकाच आठवड्यात परत येतात.

पोलादी कप्प्याची लांबी ९० सेंटिमीटरच्या पुढे नेऊ नका. १८ मिलिमीटर प्लायवुडचा कप्पा तेवढ्या लांबीवरही मध्ये झोळ धरतो, त्याला ७५ पुरे. खोली २० ते २५ सेंटिमीटर असावी. कप्पे वरखाली करता येणारे असावेत आणि उंच रॅक एकमेकांना किंवा भिंतीला जखडलेले असावेत. कोणी कप्प्यावर पाय देऊन चढतोच. वरचा कप्पा १८० सेंटिमीटरच्या वर नको. मुलांच्या दालनात रॅकची उंची १२० सेंटिमीटरपुरती ठेवा आणि चित्रपुस्तकांसाठी कण्याऐवजी मुखपृष्ठ दिसेल अशा पेट्या घ्या. चित्रपुस्तकांचे कणे इतके पातळ असतात की त्यावरून कोणालाच काही वाचता येत नाही.

दोन रॅकमधली वाट किमान ९० सेंटिमीटर, जमेल तिथे १०५. चाकाची खुर्ची वळायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, म्हणून प्रत्येक ओळीच्या एका टोकाला तेवढी सोडा. उतरंड १ : १२ पेक्षा तीव्र नको. एक पायरी चढायची असेल, समजा १५ सेंटिमीटर, तर १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागेल. बहुतेक ठिकाणी याच्या निम्म्या लांबीत काम उरकलेले असते आणि मग खुर्ची ढकलायला दोन माणसे लागतात.

प्रकाश, बैठक, आवाज

वाचनाच्या टेबलावर ५०० लक्स (लक्स हे प्रकाशाचे माप), रॅकवर पुस्तकांच्या कण्यांवर २०० लक्स. युरोपीय मानकातले हे आकडे कुठेही वापरण्यासारखे आहेत. मोजणी टेबलाच्या पृष्ठभागावर करायची आणि रॅकची मोजणी सर्वांत खालच्या कप्प्यावर, उभ्या पातळीत. खालच्या कप्प्यावर ५० लक्सही पडत नाहीत असे सर्रास आढळते, कारण खोली रिकामी असताना दिवे बसवले जातात आणि रॅक नंतर येतात. म्हणून आधी रॅकचा नकाशा आणि मग विजेचा नकाशा. नळीसारखे लांब दिवे वाटेच्या मधोमध, वाटेच्या दिशेने लावायचे. रॅकला आडवे लावले तर एक उजळ पट्टा, एक काळोखा, असे होते. खिडकीतून थेट ऊन पडत असेल तर रॅक खिडकीला काटकोनात ठेवा आणि काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा.

एका वाचकामागे ९० गुणिले ६० सेंटिमीटर टेबल आणि खुर्ची-वाट धरून सुमारे अडीच चौरस मीटर जागा लागते. दर दोन आसनांमागे एक प्लग पॉइंट आता चैन राहिलेली नाही. ते नंतर बसवायचे तर फरशी फोडावी लागते, म्हणून रंगकामाच्या वेळीच उरकून घ्या. एक्स्टेन्शन बोर्डांची साखळी मात्र नको, ग्रंथालयात आग लागण्याचा सर्वांत सोपा मार्ग तोच. वर्तमानपत्रांची बैठक, मुलांचे दालन आणि अभ्यासिका यांच्यामध्ये पुस्तकांच्या रॅकची रांग ठेवली तर आवाज बराच अडतो आणि त्याला जादा खर्च नाही.

तालिका: सगळ्यांत जास्त श्रमाचे काम

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे आहे: वाचकाचा वेळ वाचवा. संगणकीकरणाचा खरा उपयोग तेवढाच. प्रणाली निवडताना मार्क २१ (ग्रंथनोंदींचा ठरलेला साचा) स्वरूपात नोंदी आत-बाहेर करता येतात का, हा प्रश्न आधी विचारा. पुढे प्रणाली बदलायची वेळ येते आणि नोंदी बाहेर निघत नसतील तर सगळे श्रम विक्रेत्याच्या खिशात राहतात.

कोहा ही मुक्त प्रणाली न्यूझीलंडमध्ये तयार झाली आणि जानेवारी २००० मध्ये प्रत्यक्ष वापरात आली. ती बनवून घेणाऱ्या ग्रंथालयाच्या जुन्या प्रणालीला २००० सालची तारीख पेलणार नव्हती, हे तिच्या जन्माचे कारण. तिची नवी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते. स्वतःच्या यंत्रावर चालवायची तर लिनक्स, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला साधा संगणक लहान ग्रंथालयाला पुरतो. लिनक्स जाणणारा माणूस हाकेच्या अंतरावर नसेल तर होस्ट केलेली (पुरवठादाराच्या सर्व्हरवर चालणारी) सेवा घ्या, पण नोंदींची पूर्ण प्रत दर महिन्याला आपल्या हाती मिळेल हे करारात लिहून घ्या.

कामाचा क्रम:

१. आधी पडताळणी आणि बाद करणे. जे पुस्तक पुढच्या वर्षी काढून टाकायचे आहे त्याची नोंद करण्यात अर्धा तास घालवू नका.

२. बारकोड क्रमांकाचे धोरण ठरवा. सर्व क्रमांक सारख्या लांबीचे, त्यात विषय किंवा वर्ष गुंफलेले नको आणि एकदा वापरलेला क्रमांक पुन्हा कधीही नको. दाखल क्रमांकच बारकोड म्हणून चालतो, पण जुन्या दाखल नोंदवहीत एकच क्रमांक दोन पुस्तकांना पडलेला असतो. ते आधी निस्तरा.

३. शंभर पुस्तकांची चाचणी घ्या: वीस नवी, वीस जुनी, काही बहुखंडी, काही मुलांची, काही मुखपृष्ठ गेलेली. ताशी किती नोंदी होतात ते पाहा. ताशी २० झाल्या तर दहा हजार पुस्तकांना ५०० तास लागतील, म्हणजे दोघांनी रोज चार तास दिले तर सुमारे ६३ कामाचे दिवस. हा आकडा समितीसमोर ठेवल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

४. आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) असेल तिथे झेड ३९.५० (ग्रंथालयांमधली नोंदी शोधण्याची नियमावली) वापरून दुसऱ्या ग्रंथालयाची तयार नोंद ओढून घ्या आणि फक्त तपासा. १ जानेवारी २००७ पासून हा क्रमांक १३ अंकी झाला. त्याआधीच्या पुस्तकांवर १० अंकी क्रमांक असतो आणि १९७० पूर्वीच्या पुस्तकांवर बहुधा नसतोच.

५. हाताने नोंद करताना शीर्षक, लेखक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, वर्गांक, दालन, बारकोड आणि बदली किंमत एवढे पुरते. हरवलेल्या पुस्तकाची भरपाई बदली किमतीवरून ठरते, म्हणून तो रकाना रिकामा ठेवू नका.

६. लेखकाच्या नावाचे एकच रूप ठरवा. आडनाव आधी, मग नाव. आद्याक्षरे की पूर्ण नाव, हेही एकदाच ठरवून यादी काउंटरवर ठेवा. हे केले नाही तर एकाच लेखकाची पुस्तके शोधात तीन-चार नावांखाली विखुरतात.

७. एक दालन पूर्ण झाले की त्याची देवघेव लगेच नव्या प्रणालीवर न्या. सगळे संपेपर्यंत थांबलात तर वर्ष जाईल आणि दरम्यानची देवघेव दोन ठिकाणी लिहावी लागेल.

या कामात तीन खड्डे हमखास लागतात. एक, एक्सेल. ००१२३ हा क्रमांक तिथे १२३ होतो आणि १३ अंकी आयएसबीएन घातांकी रूपात दिसतो, आणि फाइल तशीच सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) म्हणून जतन केली तर शेवटचे अंक कायमचे हरवतात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करा, मगच टंकन करा, आणि फाइल जतन करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतील. दोन, जुने फाँट. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली यादी पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरे असतात. ती शोधात कधीच सापडत नाही. परिवर्तकातून काढा आणि जोडाक्षरे, रफार व ऱ्हस्व इकार नजरेखालून घाला. तीन, शुद्धलेखन. वाचक ऱ्हस्व-दीर्घ तपासून शोध घेत नाही. प्रसिद्ध पुस्तकांसाठी शीर्षकाचे दुसरे रूप किंवा रोमन लिप्यंतर मार्क २१ मधल्या २४६ या क्षेत्रात घातले तर बरेच निष्फळ शोध थांबतात.

बॅकअपच्या तीन प्रती असाव्यात, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक इमारतीबाहेर. सर्व्हरच्याच कपाटात ठेवलेली हार्ड डिस्क चोरी आणि आगीच्या वेळी सर्व्हरबरोबरच जाते. तिमाहीतून एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर खरोखर उघडून पाहा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नये.

बारकोड, स्कॅनर, लेबल

थेट उष्णतेने छापलेले लेबल वर्षा-दोन वर्षांत फिके पडते. रिबनवर छापणारा थर्मल ट्रान्सफर प्रिंटर किंवा लेझर प्रिंटरची लेबले घ्या आणि वर पारदर्शक संरक्षक पट्टी लावा. लेबल मागच्या मुखपृष्ठावर, बाहेरच्या बाजूला, सर्व पुस्तकांवर एकाच जागी असावे. पुस्तक उघडून आतले लेबल शोधण्यात दर देवघेवीला पाच-सहा सेकंद जातात, दिवसाला तीनशे देवघेवी असतील तर रोजचा जवळजवळ अर्धा तास. तोच क्रमांक शीर्षकपानामागे हातानेही लिहून ठेवा. मुखपृष्ठ फाटते तेव्हा तोच कामाला येतो.

स्कॅनर संगणकाला कीबोर्ड म्हणूनच दिसतो. कीबोर्ड मराठीवर असताना स्कॅन केले तर बारकोडमधली रोमन अक्षरे देवनागरी होऊन येतात आणि ‘पुस्तक सापडत नाही’ असा संदेश झळकतो. स्कॅनर बिघडला म्हणून परत पाठवण्याआधी भाषा तपासा. लेझर स्कॅनरला मोबाइलच्या पडद्यावरचा बारकोड नीट वाचता येत नाही. सभासदांना मोबाइलवर ओळखपत्र द्यायचे असेल तर द्विमितीय इमेजर (कॅमेऱ्याने वाचणारा स्कॅनर) घ्या.

आरएफआयडी कधी

गर्दीच्या तासात रांग सतत सहा-सात माणसांच्या पुढे जात असेल, किंवा पडताळणीसाठी दरवर्षी ग्रंथालय आठवडाभर बंद ठेवावे लागत असेल, तर आरएफआयडीचा, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या टॅगचा, विचार करावा. चोरी हे एकमेव कारण असेल तर आधी एकच दार, काउंटरचे तोंड दाराकडे आणि पिशव्यांसाठी खण एवढे करून पाहा.

ग्रंथालयांत बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग वापरतात. विक्रेत्याकडून आयएसओ २८५६० या मानकानुसार माहिती लिहून मिळेल आणि टॅग त्याच्या खासगी पासवर्डने बंद केलेले नसतील, हे लेखी घ्या. नाहीतर पुढची यंत्रेही त्याच्याकडूनच घ्यावी लागतात. या यंत्रांचे तालिकेशी बोलणे एसआयपी २ या नियमावलीतून होते, ती आपल्या प्रणालीत चालू आहे का ते निविदेआधी तपासा.

अडचणी ठरलेल्या आहेत. धातूच्या वर्खाचे मुखपृष्ठ लहरी अडवते. पातळ पुस्तकांचे टॅग एकावर एक आले की दोन्ही वाचले जात नाहीत, म्हणून टॅग कण्याजवळ पण आलटूनपालटून वर, मध्ये, खाली चिकटवा. टॅग ओळखून गजर करणाऱ्या दारातल्या खांबांजवळ लोखंडी चौकट किंवा रॅक असेल तर खोटे गजर वाजतात, आणि खोट्या गजरांना कंटाळून कर्मचारी खऱ्याकडेही पाहत नाहीत. टॅग चिकटवण्याचे तास तालिकेच्या तासांत मिळवा, म्हणजे पुस्तक दोनदा हातात घ्यावे लागणार नाही.

तासांबाहेर पुस्तक परत घेणारी पेटी हा या सगळ्यांपेक्षा स्वस्त आणि वाचकांना जास्त आवडणारा उपाय. ती शक्यतो इमारतीपासून सुटी आणि पावसापासून झाकलेली ठेवा. भिंतीतून आत उघडणारी फट ठेवली तर कोणी जळती काडी टाकली तरी आग थेट आत येते. आत स्प्रिंगवर खाली जाणारा तळ असावा, नाहीतर वरून पडणाऱ्या पुस्तकांचे कोपरे दुमडतात.

इंटरनेट, संगणक, वीज

वाय-फायच्या एका अॅक्सेस पॉइंटवर २५ ते ३० जण एकाच वेळी चांगले चालतात. तो कार्यालयात न ठेवता वाचनकक्षाच्या छताला लावा. लोखंडी रॅक आणि पुस्तकांच्या भिंती सिग्नल गिळतात. तीस जणांना प्रत्येकी २ एमबीपीएस म्हणजे ६० एमबीपीएसची जोडणी, आणि प्रत्येकाला ३ ते ५ एमबीपीएसची मर्यादा. मर्यादा नसेल तर एकाचे डाउनलोड सगळ्यांचे इंटरनेट बसवते. वाचकांचे जाळे आणि काउंटरचे जाळे वेगळे ठेवा, त्यात तडजोड नको.

वाचकांच्या संगणकांवर प्रत्येक वापरानंतर सगळे पूर्ववत होईल अशी सोय हवी, कारण लोक ईमेल उघडा ठेवून निघून जातात. एका तरी संगणकावर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली), मोठ्या अक्षरांची चिकटपट्टी लावलेला कीबोर्ड आणि हेडफोन ठेवा. वाचकाने काय वाचले याचा इतिहास पुस्तक परत आल्यावर प्रणालीतून पुसला जाईल, ही सेटिंग सुरू करा. कोहात ती आहे.

यूपीएसचा हिशेब वॅटवर करा. काउंटरचा संगणक १००, मॉनिटर २५, राउटर आणि स्विच ३०, मिळून १५५ वॅट. यूपीएसची क्षमता व्हीएमध्ये सांगतात. पॉवर फॅक्टर (वॅट भागिले व्हीए) ०.६ धरला तर सुमारे २६० व्हीए. बॅटरी जुनी होत जाते म्हणून ६०० व्हीए घ्या. दहा-पंधरा मिनिटे मिळतील, आणि ती संगणक नीट बंद करण्यासाठी आहेत, काम चालू ठेवण्यासाठी नाहीत. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. बॅटरी तीन-चार वर्षांत आणि संगणक पाच वर्षांत बदलेल असे धरून दरवर्षी त्याचा हिस्सा बाजूला काढा.

पुस्तके: घेणे आणि काढणे

एका पुस्तकासाठी पाच जण रांगेत असतील तर आणखी एक प्रत घ्या. पाच-सहा प्रती एकदम घेतल्या तर वर्षभराने त्या रॅक अडवतात. बांधणीचा खर्च नव्या प्रतीच्या निम्म्याहून जास्त असेल आणि पुस्तक बाजारात मिळत असेल तर नवीन घ्या. सेलोटेप कपाटातून हद्दपार करा, ती पिवळी पडते आणि कागदाला कायमचा डाग देते.

बाद करताना एवढे पाहा: माहिती चुकीची ठरली आहे का, पुस्तक दुरुस्तीपलीकडे फाटले आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, जवळच्या ग्रंथालयात सहज मिळते का, आणि तीन वर्षांत कोणी नेले का. वैद्यक, कायदा, कर, संगणक या विषयांत जुने पुस्तक नुसते निरुपयोगी नसते, ते घातक असते. परिसराचा इतिहास, स्थानिक लेखक आणि शेवटची उरलेली प्रत यांना हा नियम लावू नका. दरवर्षी संग्रहाच्या तीन ते पाच टक्के काढले तर काम कधी साचत नाही.

ई-पुस्तकांच्या बाबतीत करारातली मुदत वाचा. २०११ मध्ये हार्परकॉलिन्सने ग्रंथालयांच्या ई-पुस्तकांवर २६ वेळा देण्याची मर्यादा घातली, इतर परवाने ठरावीक महिन्यांनी संपतात. बहुतेक परवान्यांत एका प्रतीवर एका वेळी एकच वाचक. म्हणून वर्गणीला वापराच्या संख्येने भागून दर वापराचा खर्च काढा आणि तो छापील प्रतीच्या दर देवघेवीच्या खर्चाशेजारी मांडा.

निधी आटतो तेव्हा, आणि उरतो तेव्हा

कात्री लावायची वेळ आली तर आधी फर्निचर, मग न वाचली जाणारी नियतकालिके (दोन आठवड्यांच्या मोजणीत ज्यांना कोणी हात लावला नाही ती), मग नवी यंत्रे. बॅकअप, छत, आग विझवण्याच्या सिलिंडरचे पुनर्भरण आणि उघडे असण्याचे तास यांना हात लावू नका. पुस्तकखरेदी एक वर्ष पूर्ण थांबवली तर त्याच वर्षी काही बिघडलेले दिसत नाही. देवघेव पुढच्या वर्षी घसरते, आणि ती घसरण पाहून अनुदान देणारा निधी आणखी कापतो.

वर्ष संपताना पैसे उरले तर घाईत चुकीची खरेदी होते, म्हणून दरपत्रके जोडलेली यादी सहाव्या महिन्यातच तयार ठेवा. तिच्यात यूपीएसच्या बॅटऱ्या, लेबल आणि रिबन, रांग लागलेल्या पुस्तकांच्या जादा प्रती, बांधणीचा साचलेला गठ्ठा, दिवे आणि आर्द्रतामापक असावेत. टॅग वाचणारे यंत्र हाती नसताना टॅगचे रोल किंवा रॅकवर जागा नसताना पुस्तकांचे ठोक संच नकोत. दरपत्रकांची मुदत ९० दिवसांची असते असे धरून शेवटच्या तिमाहीच्या सुरुवातीला ती एकदा नव्याने मागवा.